काकांच्या दुपारच्या झोपेने माझी सिस्टिम अडवली

एम.कॉम.वाल्यांनो, आज मी स्लाइड्सपेक्षा जास्त एका नळाच्या दुकानात शिकलेय.

अकाउंटिंग इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या प्रोजेक्टसाठी मी भाईंदर पूर्वेतलं सावंतकाकांचं प्लंबिंगचं दुकान घेतलंय. तिथे सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड, तोही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला! काल मी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला आणि नियम लावला की काकांच्या मंजुरीशिवाय स्टॉकमध्ये बदल होणार नाही. पुस्तकात अगदी हेच आहे.

आज दुपारी दुकानातल्या सेल्समनचा फोन. "मॅडम, गिऱ्हाईक नळ बदलून मागतंय, पण काका घरी झोपलेत. चारच्या आधी उठत नाहीत."

काका दुपारी झोपतात का, हे मी विचारलंच नव्हतं.

इंद्रलोकमधल्या घरून रिक्षा करून दुकान गाठलं. गोडाऊनची चावी कोणाकडे असते, विचारलं. काकूंकडे, आणि त्या दिवसभर दुकानातच असतात. म्हणजे माल डोळ्यांनी बघणारं माणूस त्याच. मी मंजुरीचा अधिकार काकूंना दिला.

संध्याकाळी काकांनी दोन नळ खराब दाखवून स्टॉकमधून कमी करायची नोंद टाकली. मंजुरी देण्याआधी काकूंनी स्क्रीन बघितली.

"अहो, खराब नळ कुठेत?"

"अगं, मालक मी आहे!"

"असाल. नळ दाखवा."

काका गोडाऊनमध्ये नळ शोधायला गेले. माझी सिस्टिम पास!

तुमच्या ऑफिसात मालकाला "दाखवा" म्हणणारं कोणी आहे का?