गट्टूंचा ट्रॅक

आमच्या गावची निजामकाळातली दगडी शाळा नव्या इमारतीत गेली, तेव्हा तिच्या मैदानाची बाग करायची असं नगरपालिकेनं ठरवलं आणि जुन्या वर्गांसमोरच सभा घेतली. त्या शाळेत मी उभी हयात मराठी शिकवलेलं, म्हणून मला पुढच्या खुर्चीत बसवलं. बाग मलाही हवीच होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, आणि आमचे रस्ते म्हणजे अर्धे ट्रॅक्टरचे नि अर्धे डुकरांचे.

अडचण एकच होती. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी त्या मैदानावर रोज पहाटे पळायची. ती सगळी सभेला आली नि मागं उभी राहिली. त्यांच्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. वडील नाहीत, आई दुसऱ्यांच्या रानात कामाला, आणि वयाच्या अटीमुळं पुढची भरती तिची शेवटची. तिनंच विचारलं, "बाग करा की, पण आम्ही पळायचं कुठं?"

मुख्याधिकारी माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "बाई, तुमचीच लेकरं. तुम्हीच समजवा जरा."

मी उठले. "अरे, बागेत ट्रॅक होणार आहे ना!"

"टरॅक? मंग लई भारी, बाई!" तिचा चेहरा असा फुलला की विचारू नका. टाळ्या पडल्या. पुढं झाडं लावायला खड्डे खणले ते याच पोरांनी.

तिचा ट्रॅक मातीचा होता, पळायचा. माझा होता सिमेंटच्या गट्टूंचा, गुडघे धरून चालणाऱ्यांचा. नकाशा मी आधीच पाहिला होता, त्यात मातीचं नावही नव्हतं. जन्मभर फळ्यासमोर उभी राहून शब्दाचा नेमका अर्थ सांगा म्हणून पोरांच्या मागं लागले, आणि त्या दिवशी माझ्याच शब्दाचा अर्थ गिळून बसले. टाळ्या मला गोड लागल्या होत्या, दुसरं काय.

बाग झाली. हिरवळ, पाहुणे आले की तेवढ्यापुरतं उडणारं कारंजं, आणि गावाच्या नावाच्या मोठ्या अक्षरांपुढं लाल बदाम, फोटो काढायला. पोरं काही दिवस गट्टूंवर पळाली. एकदा वळणावर तिचा मला धक्का लागला तर मीच म्हणाले, "हळू गं, माणसं चालतात इथं." पुढं बाकीची पोरं देगलूर रस्त्यावर पळायला लागली. तिला मात्र आई ट्रकांच्या रस्त्यावर एकटीला जाऊ देईना.

"गट्टूवर पळून राहिले ना बाई, नडग्या लई ठणकायल्यात," ती एकदा म्हणाली. मी तिला हळदीचा लेप सांगितला. कुंपणालगत मातीचा पट्टा ठेवा, एवढं मुख्याधिकाऱ्यांना सांगायला मला कितीसा वेळ लागला असता? पण बागेसाठी पुढाकार घेतला म्हणून माझा सत्कार ठरला होता. शाल घेण्याआधी तक्रार कशी करायची, असं मनात आलं. शाल घेतल्यावर तर राहूनच गेलं. ती शाल अजून कपाटात आहे, अंगावर घ्यायचा धीर होत नाही.

मग तिची नांदेडला मैदानी चाचणी झाली. ही पोरं तिला नुसतं 'ग्राउंड' म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला बागेतच भेटली, वाटेवर उभी.

"काय गं, ग्राउंड कसं गेलं?"

विचारलं आणि जीभ चावली. जगात दुसऱ्या कुणीही हे विचारावं, मी नाही.

"गेलं, बाई," ती म्हणाली. "शेवटच्या चक्कराला पायच उचलंना."

मी वाटेतच थांबले होते. मागून दोघंतिघं चालत येत होते. ती गट्टूंवरून उतरून बाजूला झाली, मला वाट करून दिली.

"चाला तुमी. माझ्यामुळं कामून थांबता?"

आणि मी चालू लागले.