क्लॅरीचं नाक आणि हिरवी गाडी

वॉरूपी गावात कुठे आग लागली तर भोंग्याआधी ती क्लॅरी क्लाइनिगच्या नाकाला कळायची. फुटबॉलचा सामना ऐन रंगात असताना हा एकदा खेळाडूंच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "थांबा रे, कुणाचं तरी गवत पेटलंय." पंचाने शिव्या घातल्या. पण खरंच टेकडीपलीकडे शिर्मरच्या शेतात गव्हाची धसकटं पेटलेली निघाली. दोन्ही संघ गुडघ्यावर चिखल असताना तसेच पाण्याच्या गाड्यांवर चढले आणि धान्याची कोठारं वाचली. तेव्हापासून अग्निशमनाच्या टोळीत क्लॅरीचा हुद्दा काहीही असो, गावाच्या लेखी तो कप्तानच. जेवढी मोठी त्याची कीर्ती, तेवढंच मोठं त्याचं नाकही होतं. त्याची बायको वेल्मा म्हणायची, "लग्नाच्या फोटोत आधी नाक आलं, मग हा आला."

दुसरा अभिमान म्हणजे शेडमधली गाडी. चौसष्ट सालची, बाटलीसारखी हिरवीगार. तिच्यातला एक स्क्रूसुद्धा त्याने बदलू दिला नव्हता. कारखान्यातून निघाली तशीच ती राहिली पाहिजे, हा त्याचा धर्म. दर उन्हाळ्यात मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरे. क्लॅरी गाडी घेऊन जाई आणि वेल्मा टोपी घालून शेजारी बसून जाई. मिरवणुकीत हात हलवायचं काम तिचं. राणीलाही एवढा हात हलवावा लागत नसेल, असं ती म्हणे.

मग तो पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडला. डोक्याच्या मागच्या बाजूला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, नशीब बलवत्तर, थोडक्यात निभावलं. घरी आला, खाऊपिऊ लागला, सगळं सुरळीत झालं असं वाटलं.

त्यांच्या घरी बुधवारी मटण, हे ठरलेलं. पण त्या बुधवारी खाटकाचं दुकान बंद होतं, म्हणून वेल्माने मासे तळले. घरभर माशांचा वास. पडद्यांना वास, मांजर ओट्याखालून हलेना. क्लॅरी हात धुऊन आत आला, खुर्चीत बसला आणि रोजच्यासारखं म्हणाला, "वा! मटणाचा काय वास सुटलाय गं!"

वेल्माच्या हातातला झारा तसाच राहिला.

मग त्याने ताटात पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "मासे वाटतं," तो म्हणाला. "हो," ती म्हणाली. विषय तिथेच संपला. पुढे रोज जेवायला बसताना तो आधी ताटात डोकावू लागला आणि मगच म्हणू लागला, "काय वास सुटलाय!" तीही म्हणे, "मग! हात कुणाचा आहे?"

माणसाचं एखादंच काही असतं, ज्यावरून गाव त्याला ओळखतं. ते गेलं हे त्याने कुणाला सांगितलं नाही, तर बायकोने कशाला सांगावं? तिने मुकाट्याने दोघांसाठी हुंगायला सुरुवात केली. दूध हुंगायचं, गॅस हुंगायचा, उत्तरेचा तापलेला वारा सुटला की दारात उभं राहून धूर हुंगायचा. कुठे धूर आहे का विचारायला टोळीचे फोन आले की क्लॅरी बाहेर जाई, छाती भरून श्वास घेई आणि सांगे, "काही नाही, निवांत झोपा." तो मागे वळायच्या आत वेल्माने दुसऱ्या खिडकीतून खात्री करून घेतलेली असे. असं दोन उन्हाळे चाललं.

त्या जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, तिला शेडमध्ये पेट्रोलचा वास आला.

"क्लॅरी, गाडी गळतेय."

"कुठे गळतेय? खाली एक डाग तरी दाखव."

"डाग नाही, वास आहे."

"तुला लग्नापासून वास येतोय. माझ्या मोज्यांचाही येतो, माझ्या आईचाही यायचा." त्याने बॉनेट उघडलं, टॉर्च मारला. पंपापासून कार्बोरेटरपर्यंत गेलेली पेट्रोलची नळी वरून विणलेल्या कापडाची होती. त्याने ती दर महिन्याला पुसून लखलखीत ठेवलेली. "बघ, नवरीसारखी आहे. आणि मला तर काही वास येत नाही."

हे मात्र तो खरं बोलत होता, आणि तीच तर अडचण होती.

पुढच्याच आठवड्यात हमरस्त्यावर शहरातल्या एका जोडप्याची जुनी व्हॅन पेटली. माणसं उडी मारून वाचली, पण रस्त्याकडेच्या वाळल्या गवताने पेट घेतला आणि आग दोन कुंपणं ओलांडून गेली. क्लॅरी टोळीबरोबर गेला होता. परत आला तो तावातावाने बोलतच. "तडकलेली नळी! खालीच तापलेला धुराचा पाइप, त्यावर पेट्रोलची धार. अरे, वास येत नाही का लोकांना?"

वेल्मा काकड्या बरणीत भरत होती. तिने झाकण इतकं आवळलं की ते पुढे उन्हाळाभर कुणाला उघडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती डडली पोलच्या गॅरेजात गेली. डडली क्लॅरीचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचे हात काळे आणि जीभ त्याहून काळी.

"नळी बदलणं म्हणजे चहा उकळेपर्यंतचं काम," तो म्हणाला. "पन्नास-साठ वर्षांचं रबर आतून मातीसारखं होतं. वरचं कापड चांगलं दिसतं, म्हणून माणूस फसतो. मी माझ्या गाडीची बदलली तेव्हा तुझ्या नवऱ्याने प्रदर्शनात माझे गुण कापले होते, माहीत आहे ना?"

"कधी?"

"तो परीक्षक होता त्या वर्षी. म्हणाला, डडली, नळी मूळची नाही. कप माझ्या हातून गेला. आता मीच परीक्षक आहे. त्याने नवी नळी घातली तर अर्धा गुणही कापणार नाही, शपथ. फक्त आयुष्यभर हसेन."

"तेच त्याला नको असणार."

"पण वेल्मा, तुला वास येतो म्हणजे त्याला तर दुप्पट येत असेल. क्लॅरीचं नाक! मग बसलाय कशाला?"

वेल्मा भिंतीवरच्या टायरांकडे बघत राहिली. सांगून टाकलं असतं तर डडली त्याच पावली आला असता. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि ऐकणाऱ्याने म्हटलं असतं, बिचारा. हा शब्द क्लॅरीला नळीच्या आगीपेक्षा जास्त भाजला असता.

"हट्टी आहे," ती म्हणाली. "दुसरं काय?"

डडलीने नव्या नळीचा तुकडा आणि क्लिपा कागदी पिशवीत घालून दिल्या. तिने पिशवी शिवणाच्या डब्यात ठेवली. रोज वाटे, आज बोलू. तो रोज शेडमधून शीळ घालत येई, आणि तिच्या तोंडाला कुलूप लागे.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला तोच उत्तरेचा वारा घेऊन. सकाळीच तव्यासारखी हवा. मैदानाच्या कडेला गाड्या लावायची जागा म्हणजे घोट्याएवढं वाळलेलं गवत, आणि त्यात लोकांची पोरंटोरं. वेल्मा टोपी घालून शेडमध्ये आली आणि दारातच थबकली. वास इतका, की जिभेवर चव आली.

क्लॅरी स्टिअरिंगमागे बसला होता. केस पाणी लावून बसवलेले. "चल गं, राणीसाहेब. जनता खोळंबलीय."

"चावी फिरवू नकोस."

"झालं का सुरू? मला काही वास—"

"क्लॅरी, त्या बुधवारी मासे होते."

"कुठल्या बुधवारी?"

"तू शिडीवरून पडलास त्यानंतरच्या. तू आत येऊन मटण म्हणालास. घरात मांजर वेडं व्हायची वेळ आली होती माशांनी. मला तेव्हापासून माहीत आहे. मी कुणाला सांगितलं नाही. डडलीलाही नाही. आत्ताही सांगितलं नसतं."

पत्र्यावर वारा आपटत होता. क्लॅरी समोरच्या काचेतून शेडच्या भिंतीकडे बघत राहिला, जणू रस्ताच दिसत होता तिथे. मग त्याने चावीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"दोन वर्षं?" तो म्हणाला.

"हो."

"मी फोनवर सांगायचो, धूर नाही म्हणून..."

"मी बघून घ्यायचे."

यावर त्याचा चेहरा असा उतरला, की तिला वाटलं एवढं तरी बोलायला नको होतं.

तो उतरला. बॉनेट उघडलं. नळीवरून बोट फिरवलं आणि सवयीने नाकाशी नेलं. मग मध्येच थांबला. ते बोट त्याने तसंच तिच्यापुढे धरलं, तिच्याकडे न बघता. तिने हुंगलं.

"पेट्रोल."

त्याने नळी वाकवली. कापडाखाली काहीतरी करकरलं, आणि विणीतून एक थेंब फुगून खाली, ज्या पाइपावर पडायला नको नेमका त्याच पाइपावर पडला. पाइप गार होता म्हणून बरं. दोघांनी तो थेंब वाळेपर्यंत पाहिला.

"नवी नळी आणावी लागेल," तो म्हणाला.

"शिवणाच्या डब्यात आहे."

"असणारच," तो म्हणाला. ते वाक्य हसून म्हणता आलं असतं, पण तो हसला नाही.

नळी त्यानेच बदलली, एकट्याने, शेडचं दार ओढून घेऊन. ती घरात टोपी काढून बसली. प्रदर्शनाला ते गेले नाहीत. डडलीने फोन केला तेव्हा क्लॅरी म्हणाला, गुडघा दुखतोय. पुढच्या आठवड्यात त्याने टोळीने दिलेला फोनही परत करून काम सोडलं, तेही गुडघ्याच्याच नावाने. टोळीने त्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाषणात त्याच्या नाकाचं फार कौतुक केलं. तो खाली मान घालून ऐकत होता. लोकांना वाटलं, भरून आलंय.

गाडी आता तो महिन्यातून एकदा काढतो. आधी शेडचं दार उघडून बाजूला उभा राहतो. वेल्मा आत जाते, बॉनेटपाशी वाकते, मान डोलावते. मग तो बसतो. दोघंही एक अक्षर बोलत नाहीत. आग आता लागणार नाही, एवढं मात्र खरं.

जेवताना तो ताटात आधी डोकावत नाही. काय वास सुटलाय, असंही म्हणत नाही. वेल्मा रोज वाट बघते. खोटं होतं, पण तिच्या रांधण्याला तेवढी एकच दाद मिळायची, आणि ती तिनेच बंद पाडली होती. परवाच्या बुधवारी तिने मटणात दुप्पट लसूण घातला आणि ताट त्याच्यापुढे ठेवलं.

"मटण आहे," ती म्हणाली.

"दिसतंय," तो म्हणाला, आणि जेवू लागला.