ढिल्या नटांचा साकव

शनिवार, १० जानेवारी. होळी गावाजवळ, जुन्या कालव्यावरचा लोखंडी साकव तपासायचा होता. साकव म्हणजे पायी जाण्याचा अरुंद पूल. एकेकाळी या कालव्यातून होड्या जायच्या. आता दोन्ही काठांना केळीच्या वाड्या आहेत.

मधल्या भागाचे नट पुन्हा ढिले. मागच्या हिवाळ्यात मीच ते घट्ट करून घेतले होते. याच कालव्यावर याच मापाचे आणखी दोन साकव आहेत, त्यांचे नट हलत नाहीत. खारा वारा तिन्ही साकवांना सारखाच. बाइक तर इथून सर्वांत कमी जातात. मग हाच का?

साहेबांना फोन केला.

"बंद करा. दोन्हीकडे पत्रे ठोका."

शेजारच्या घरातून रोझीमावशी धावत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचं लग्न होतं. "मॅडम, बंद नका करू! आज संध्याकाळी नवरदेवाच्या आंघोळीचं पाणी आणायला जायचंय. विहीर पलीकडे आहे."

"रस्त्याने जा."

"बँड घेऊन ट्रकच्या मधून? लग्न लावायचंय, मयत नाही."

"दर लग्नात इथूनच जाता?"

"इथूनच. येताना पलीकडचे लोक मधोमध कळशी अडवतात. विहीर त्यांची ना! त्यांच्या पसंतीचं गाणं वाजवलं की सोडतात. मग दोन्हीकडचे नाचतात."

बाकीच्या दोन साकवांपाशी विहीर नाही. मला उत्तर मिळालं. चालणाऱ्यांची पावलं मागेपुढे पडतात. नाचणाऱ्यांची ठेक्यावर एकदम पडतात. पूल हलत राहतो आणि नट सुटत जातात.

साहेबांना परत फोन केला. "नट आवळते. रात्री लग्नाच्या पाण्याची मिरवणूक संपेपर्यंत थांबते."

"काही झालं तर?"

"सही माझी."

अटी तीनच घातल्या: पुलावर वाजवायचं नाही. थोडे थोडे जण सोडायचे. कळशी काठावर, जमिनीवर अडवायची.

"जमिनीवर अडवण्यात काय मजा?" पलीकडचे जॉनकाका म्हणाले.

"पाण्यात पडण्यात आहे का?" रोझीमावशींनी विचारलं.

संध्याकाळी मिरवणूक निमूटपणे पूल ओलांडून गेली, तशीच परतली. फक्त जॉनकाका मधोमध दोन उड्या मारून गेले. बँड वाजत नव्हता, तरी.

पुलाच्या हिशेबात आम्ही माणसं चालतील असं धरतो. गावाला विचारलं असतं, तर ती नाचतात हे आधीच कळलं असतं.

रविवारी सकाळी पाना घेऊन गेले. नट जागेवर होते. तरीही प्रत्येकावर दुसरा नट बसवून घेतला आणि मग लग्नाला गेले.