मोठ्या कुकरची झाकणं

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठेही कोणी बाथरूममध्ये पाय घसरून पडलं, तर ती बातमी डॉक्टरच्या आधी माझ्या बायकोच्या आत्याला लागते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. फोन वाजला की आत्या चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "जयभीम. काय मोडलं?" समोरच्याने एखाद्या वेळी नुसती ख्यालीखुशाली विचारायला फोन केलेला असतो. काहीच मोडलेलं नाही हे कळलं की आत्यांचा त्याच्यातला रस चटकन कमी होतो.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक सहलींना जातात, नातवंडं खेळवतात. आत्यांनी घाटकोपर पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर खोली भाड्याने घेतली आणि आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू उसन्या द्यायला सुरुवात केली. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या. संस्था रीतसर नोंदलेली आहे, तिला एक मंडळ आहे आणि आत्यांच्या भाचीशी लग्न केल्याबद्दल मीही त्या मंडळात आहे. मंडळाने ठराव करायचे, आत्यांनी ते ऐकून "बरं" म्हणायचं आणि पुढे स्वतःच्या मनासारखं करायचं, अशी कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली आहे.

परत आलेली वस्तू स्वतः वापरून पाहिल्याशिवाय आत्या ती पुढे देत नाहीत. धडधाकट असताना त्या वॉकर घेऊन भाजीला जायच्या. भाजीवाला हळहळून कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आत्या त्याच्यासमोरून तरातरा चालत गेल्या की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. हवेच्या गादीवर त्या दुपारी आडव्या होत. घोरायला लागल्या तर गादी पास. खुर्च्यांची दुरुस्ती करायला मरोळच्या कारखान्यातून बाहेर पडलेले एक मिस्त्री आहेत. त्यांनी चाक बसवलं की आत्या खुर्चीत बसून खोलीभर गिरक्या घेतात आणि वाटेत मंडळाचं कोणी असेल तर त्याने आपापले पाय सांभाळायचे असतात.

पण आत्यांची खरी करामत अनामतीत आहे. त्या पैसे ठेवून घेत नाहीत. वस्तू न्यायची तर घरातल्या मोठ्या कुकरचं झाकण आणून द्यायचं. खोलीच्या एका भिंतीवर खिळ्यांना ही झाकणं टांगलेली असतात, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. नवीन माणसाला वाटतं आपण भांड्यांच्या दुकानात आलो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा विचारलं, की आजारी माणसाच्या घरचं झाकण काढून घेणं हा कुठला न्याय? त्यावर आत्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "जावईबापू, घरात आजारपण असलं की मोठा कुकर कोण लावतं? छोट्यातली खिचडी पुरते. माणूस बरा झाला की पाहुणे येतात. नाही झाला तरी येतात, बाराव्याला, पुण्यानुमोदनाला, चाळिसाव्याला. पंगत काय चुकत नाही. तेव्हा झाकण आठवतं, आणि वॉकर घरी येतो." हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाजही वाटली. आत्यांशी बोलताना असं नेहमी होतं.

एवढं सगळं असून दोन वर्षांपूर्वी संस्था बंद पडायच्या बेतात आली. भाडं वाढलं, मिस्त्रींचा पगार थकला. आम्ही देणगीसाठी कंपन्यांचे उंबरे झिजवले, तर सगळीकडे एकच प्रश्न, यंदा नवीन काय करणार? एका साहेबाला आत्यांनी सरळ सांगितलं, "यंदाही माणसं पडणार, हाडं मोडणार. त्यात नवीन काय असतं?" साहेबाने चहा पाजला आणि आम्हाला वाटेला लावलं. दिवाळीनंतर खोली सोडायची आणि सामान भंगारात द्यायचं, इथपर्यंत गोष्ट आली. आत्या त्या दिवसांत फोन उचलून नुसतं "बोला" म्हणायच्या. ते ऐकवत नसे.

तेवढ्यात एका ट्रस्टकडून मुलगी पाहणीला येणार असं कळलं. मग मंडळाची हुशारी उफाळून आली. नवीन काहीतरी दिसलंच पाहिजे म्हणून आम्ही "डिजिटल आधार केंद्र" असा फलक रंगवून घेतला, माझ्या पोरीचा लॅपटॉप टेबलावर मांडला आणि ती गावंढळ दिसणारी झाकणं गोणीत भरून समोरच्या गल्लीत माझ्या घरी माळ्यावर टाकली. आत्यांनी सकाळी येऊन उघड्या भिंतीकडे पाहिलं. रंग द्यायचाय, असं आम्ही म्हणालो. त्या "बरं" म्हणाल्या, पण ते नेहमीचं "बरं" नव्हतं.

ती मुलगी आली, फलक वाचला, लॅपटॉपकडे पाहिलं आणि विनम्रपणे जांभई दाबली. इतक्यात भांडुपची एक मासे विकणारी बाई वॉकर खांद्यावर टाकून दारात उभी राहिली. "आत्या, झाकण दे लवकर. सासू स्वतःच्या पायांनी बाजारात आली काल. आज सगळी जमणार घरात, भात लावायचाय." आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून घरी धावलो आणि पाठीवर खणखणणारी गोणी घेऊन भर रस्त्यातून परत आलो. सगळी गल्ली बघत होती.

त्या मुलीने ही झाकणं कसली म्हणून विचारलं. आत्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मुलगी पुढचं सगळं कामधाम विसरून तिथेच स्टुलावर बसली. निघताना ती म्हणाली, "आत्या, आमच्या अनुदानात नवीन काही मागतच नाही आम्ही. जे चालू आहे ते बंद पडू नये, भाडं, पगार, दुरुस्ती, एवढ्यासाठीच आहे ते. तुम्ही लपवलंत तेच बघायला मी आले होते." आत्यांनी उठून फलक काढला आणि त्याची कोरी बाजू वर करून परत आलेला वॉकर धुऊन सुकवायला त्यावर ठेवला. अनुदान मिळालं. मिस्त्री राहिले, खोली राहिली, आणि आठवड्याभरात फोनवर पुन्हा "काय मोडलं?" ऐकू आलं. त्या दिवशी माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली.

गेल्या महिन्यात सकाळीच आत्यांचा फोन आला. "जयभीम," त्या म्हणाल्या. "मोडलं." त्यांच्याच बाथरूममध्ये, त्यांचाच पाय. आता आत्या वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात आणि या वेळी तपासणीसाठी नाही. भाजीवाल्याला खरं सांगितलं तर त्याचा विश्वास बसत नाही. मी परवा डबा घेऊन गेलो, तर त्या पातेल्यात भात शिजवत होत्या. एकट्या बाईकडे एकच कुकर, तोही लहान, आणि त्याचं झाकण संस्थेच्या भिंतीवर. मी म्हटलं, अहो, संस्था तुमचीच आहे, झाकण घेऊन येतो. आत्या भडकल्याच. "नियम सगळ्यांना एकच. आणि ते तिथं आहे म्हणून मला वॉकर परत करायचाय हे ध्यानात राहतं. घरी आणलंत तर मी बसूनच राहीन."

मी खोलीवर गेलो की हल्ली आधी भिंतीकडे बघतो. मोठाल्या झाकणांच्या मधे ते एवढंसं झाकण लटकत असतं, चिठ्ठीवर आत्यांचं पूर्ण नाव. झाकण परत आणलं की त्याच कुकरात भात लावून सगळ्यांना जेवायला घालणार, असं आत्यांनी जाहीर केलंय. मंडळ, मिस्त्री, भांडुपची बाई आणि तिची सासू, ट्रस्टची मुलगी, सगळ्यांनी आत्तापासूनच हो म्हणून ठेवलंय. भात पुरणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.