दिवसाढवळ्या सांगितलेल्या चिनी गोष्टी

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात आणि किस्सेही. चिंध्यांची निदान गोधडी होते. किश्श्यांचं काय करायचं? म्हणून म्हटलं, लिहून टाकू. यात खरं किती ते विचारू नका. माप दोन बोटं सैल ठेवायची सवय मला गुलाबभाऊंच्याच दुकानात लागली!

दुकान अकोल्यातलं, इंग्रजांच्या अमदानीतलं. दुपारी आमची बैठक तिथं. मशीनवर गुलाबभाऊ शिंपी, खुर्चीत देशमुख वकील, बाकावर मी, शाळामास्तर. आणि अधूनमधून सायकलवर रेशमाचं गाठोडं लादून येणारा वांग. मूळचा चीनचा, मुक्काम अमरावतीला. मराठी वऱ्हाडातच शिकलेला. पुण्याहून बदलून आलेल्या साहेबांना आमच्यापेक्षा तोच अस्सल वऱ्हाडी वाटे!

वांगजवळ रेशमापेक्षा गोष्टी जास्त. ही आमच्या गावची, ही डोंगरातल्या लोकांची, ही घोडे पाळणाऱ्यांची... ठाण उलगडावं तशी एकेक उलगडायचा. पण पडद्याआडून गुलाबभाऊंच्या बायकोचा, सरूवहिनींचा आवाज यायचाच.

"दिवसा गोष्टी नोका सांगू! मामा वाट चुकते!"

"कोनाचा मामा?" गुलाबभाऊ म्हणत. "तुले भाऊ नाही, आपल्या शांतीले मामा नाही. मंग चुकते कोन? सांग रे वांग!"

*

आमच्याकडे गोष्टीला हुंकारा लागतो. समोरच्यानं 'हूं' म्हणत राहायचं, नाहीतर सांगणारा थांबतो. ते काम गुलाबभाऊंचं. मशीनही चालू, हुंकाराही चालू.

एकदा गोष्ट निघाली वाघाची. आई परगावी गेलेली, घरात दोघी बहिणी, आणि वाघ आजीचं लुगडं नेसून कडी वाजवतो.

धारणीकडच्या जंगलातला एक कोरकू म्हातारा मध विकायला आला होता. तो म्हणाला, "आमच्याकडचा वाघ कडी नाही वाजवत."

वांग म्हणाला, "आमच्याकडचा शिकेल हाय!"

हुंकारा देता देता गुलाबभाऊ शिवत होते तो कोट वकिलांचा. दुसऱ्या दिवशी कोर्टात चष्म्यासाठी खिशात हात घालतात, तर दोन्ही खिसे शिवून बंद! जज्जसाहेबांनी विचारलं, "काय शोधताय?"

"काही नाही साहेब. वाघ आत शिरू नये म्हणून शिंप्यानं दारं लावलीत!"

*

वैशाखातली दुपार. वांग सांगत होता, पूर्वी आभाळात दहा सूर्य होते. रानं जळायला लागली, तेव्हा एका तिरंदाजानं नऊ पाडले. डोंगरातले लोक पुढचं सांगतात. उरलेला एक घाबरून दडला, कोणाचंच ऐकेना. शेवटी कोंबड्यानं हाक मारली, तेव्हा बाहेर आला.

गुलाबभाऊंनी घाम पुसला. "नऊ पाडले न? मंग ते पडले कुठी?"

"ते मले मालूम नाही."

"मले मालूम हाय. एक अकोल्यात पडला!"

वकील म्हणाले, "आणि त्या कोंबड्याचा पत्ता दे. त्याला म्हणावं, दोन महिने गप बस!"

*

भाऊबीज. पाठचा भाऊ नाही म्हणून सरूवहिनी दरवर्षी चांदोबाला ओवाळत. त्या संध्याकाळी वांग दारात सायकल घेऊन निघालेला. तबक पाहून थांबला.

"बाई, तुमच्या चंद्रात कोन रायते?"

"ससा."

वांग उडालाच. "आमच्याबी चंद्रात ससाच! बसल्या बसल्या औषध कुटते!"

वहिनींनी क्षणभर वर पाहिलं, मग त्याच्याकडे. "म्हंजे चांदोबा एकच. मंग एवढ्या दुरून काहून ओवाळू? त्याच्याकडचा मानूस दारात उभा हाय. बस पाटावर!"

ओवाळणी म्हणून वांगनं रेशमाचा तुकडा घातला. वहिनी आम्हाला म्हणाल्या, "आता शांतीले मामा हाय. दिवसा गोष्टी बंद!"

बंद कसल्या होतात! वहिनी दळण घेऊन गेल्या, की आम्ही त्याला छळायचो.

*

शांतीचं लग्न ठरलं. तिचा हात धरून बोहल्यावर न्यायचा मान वांगमामाचा. तो दर्यापूरकडच्या खेड्यांत माल विकायला गेलेला, आणि आदल्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळला.

मुहूर्त जवळ आला. मामाचा पत्ता नाही. भटजी म्हणाले, "दुसरं कोणी उभं करा."

मी पुढं झालो. वहिनी कडाडल्या, "मास्तर, तुमीच त्याले दिवसा गोष्टी सांगाले लावत होते! बसा खाली! माया भाऊ आल्याबिगर पोरगी बोहल्यावर नाही चढत!"

"मुहूर्त टळला तर आम्ही वरात परत नेऊ," वरबाप म्हणाला.

गुलाबभाऊ रस्त्यावर जाऊन उभे राहिले. आयुष्यभर चेष्टा करणारा माणूस टाचा उंचावून वाट पाहत होता.

तेवढ्यात काळ्या मातीचं एक ढेकूळ चालत येताना दिसलं. ढेकळाच्या डोक्यावर सायकल! चिखलानं चाकं फिरेनात, म्हणून ती डोक्यावर आणि गाठोडं छातीशी.

"अक्का, वाट चुकली व! कुठी कुठी हिंडलो, मलेच मालूम नाही!"

वहिनी रडल्या, हसल्या, आणि गुलाबभाऊंना म्हणाल्या, "म्हनत होती का नाही मी!" गाठोड्यातला, भाचीसाठी आणलेला शालू कोरडा ठणठणीत निघाला. शांतीनं तो नेसून मामाचा हात धरला, तेव्हा शालूच्या पदरावर काळ्या मातीची पाच बोटं उमटली. ती तिनं पुसू दिली नाहीत. अख्ख्या मांडवानं श्वास सोडला. भटजींनी तर मंगलाष्टकं हसत हसतच म्हटली!

*

दोन दिवसांनी दुपारी वांग धुतलेली सायकल घेऊन दुकानात टेकला. अमरावतीला निघायचं होतं. गोष्ट मागायची कोणाची छाती होईना. वकील पेपरात डोकं घालून, मी छत न्याहाळतोय, गुलाबभाऊ नुसतेच सुईत दोरा ओवतायत.

पडदा हलला. सरूवहिनी बाहेर आल्या. त्यांनी दुकानाच्या फळ्या एकेक करून लावल्या. मग कंदील पेटवून आमच्यामध्ये ठेवला आणि स्वतः मांडी घालून बसल्या.

"झाली रात," त्या म्हणाल्या. "सांग, भाऊ. आज हुंकारा माया!"