वायरकाढी

आक्काचा राग नाकावर नसायचा, हातात असायचा. नवी यंत्रणा बसली की ती चालू असताना मुद्दाम एखादी वायर उपटायची आणि बघत उभी राहायची. तरीही काम चालू राहिलं तरच चाचणीच्या कागदावर सही. ऑफिसात पाठीमागे तिला ‘वायरकाढी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि म्हणेनात का बापडे!

कामच तसं होतं. शहरातल्या चौतीस रुग्णालयांत कुठल्या गटाच्या रक्ताच्या किती पिशव्या आहेत, याची यादी बारा सर्व्हर मिळून दर दहा मिनिटांनी तयार करणार होते. त्यांना कामं वाटून द्यायला एक मुख्य सर्व्हर. तो पडला तर त्याच्या जागी बसायला दुसरा तयार. आणि गादीवर कोण, हे ठरवायला तीन पंच, म्हणजे तीन छोटे सर्व्हर, तीन मजल्यांवर, तीन वेगळ्या वीजजोडण्यांवर. एक पंच गेला तरी उरलेल्या दोघांचं बहुमत होतं. बहुमतच उरलं नाही, तर मुख्य सर्व्हरने गप्प बसायचं, नाहीतर दोन मुख्य आणि दोन याद्या व्हायच्या. हा आराखडा आक्काने खपून काढला होता आणि गेले पाच महिने त्याप्रमाणे जोडणी चालली होती.

अकरा वर्षांपूर्वी जुन्या यंत्रणेवर तिने वायर न काढता सही केली होती. घाई होती, सगळे मागे लागले होते. पुढे एका दुपारी ती यंत्रणा पडली आणि यादी तीन तास शिळी राहिली. त्या तीन तासांत तिची सख्खी वहिनी बाळंतपणात रक्तावाचून गेली. तिच्या गटाची पिशवी दोन गल्ल्या पलीकडे पडून होती. दादा आक्काशी अजूनही कामापुरतंच बोलतो.

तर सकाळचे अकरा. वर सभागृहात रुग्णालयांचे प्रमुख बसलेले, यंत्रणा उद्यापासून सुरू होणार, आणि साहेब कागद घेऊन आक्काच्या टेबलाशी.

“पडद्यावर तिन्ही पंचांचे हिरवे दिवे दिसतायत ना आक्का? सही करा आणि मोकळ्या व्हा.”

“वायर काढल्याशिवाय नाही.”

“उद्घाटन होऊ द्या. मग काढा हव्या तेवढ्या.”

“मग म्हणजे कधी? माणसं मरायला लागल्यावर?”

“पाहुण्यांसमोर तमाशा नकोय मला. तुम्ही नाही केलीत तर दुसरं कुणी सही करेल.”

आक्काची तळपायाची आग मस्तकात गेली. ती कागद उचलून तडक जिना उतरली. तळघरातल्या खोलीत ‘पंच एक’ लिहिलेला डबा होता. तिने त्याची वायर खेचली. एकच.

वर तिन्ही दिवे विझले. बारा सर्व्हर ठप्प, पडदा कोरा.

साहेब धावत खाली आले, मागून दोन-तीन पाहुणे.

“तिन्ही बंद केलेत तुम्ही! मुद्दाम!”

“एक वायर आहे माझ्या हातात. डोळे आहेत ना तुम्हाला?”

दारात वायरमनकाका उभे होते. इथली सगळी जोडणी त्यांच्या हातची, नोकरी मात्र कंत्राटी. आक्काने त्यांनाच धरलं. “काका, पंचांचे डबे किती बसवलेत?”

काकांनी साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “एकच. साहेब म्हणाले, एकाच डब्यात तीन बसतात, उगाच तीन कशाला घ्यायचे? नावं तेवढी वेगळी दिली.”

“आणि तुम्ही मूग गिळून बसलात? पाच महिने?” आक्का ओरडली. तिचा आवाज चिरकला. “आराखडा माझा होता! मला येऊन सांगता आलं नाही?”

आता काकाही तापले. “मी रोज इथेच होतो, आक्का. तुम्ही एकदा तरी खाली आलात का बघायला?”

आक्काला काकांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, मग साहेबांच्या, आणि मग वाटलं की पहिली आपल्याच मारायला हवी. पाच महिने ती पडद्यावरच्या तीन नावांवर विसंबली होती. दोन जिने चढून-उतरून पाहिलं असतं तर झालं असतं.

तिने कागद डब्यावर ठेवला. निकालापुढे ‘नापास’ लिहून सही ठोकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘पंच तीन दाखवले, डबा एकच बसवला. मी पाच महिन्यांत एकदाही जाऊन पाहिलं नाही.’

साहेबांनी कागद वाचला. पाहुण्यांकडे पाठ करून ते हळूच म्हणाले, “पहिलं वाक्य खोडा. दुसरं राहू दे.”

आक्काने त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला आणि पाहुण्यांतल्या सगळ्यात पुढच्या बाईंच्या हातात दिला. “मोठ्याने वाचा,” ती म्हणाली. “दोन्ही.”