कोपऱ्यातलं मशीन

माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो, हे आमच्या टायपिंगच्या मास्तरांना मरेपर्यंत पटलं नाही. बांगलादेशच्या लढाईच्या आगेमागे ते पेठ वडगावहून एस.टी.नं आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात यायचे आणि टायपिस्ट बायकांना न बघता टाइप करायला शिकवायचे. बोटांवर टॉवेल टाकायचे आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसायचे. नुसत्या आवाजावरून चूक सांगायचे, वर चुकणारीचं सकाळी घरी कुणाशी वाजलं तेही सांगायचे. वर्ग संपला की भिंतीवर दोनदा टकटक करायचे, तीच त्यांची शाबासकी. रस्त्यात मी समोरून नमस्कार केला तर परक्यासारखे बघत. चहाच्या टपरीवर बाकावर बोटं वाजवली, की मात्र "अरं, हेडक्लार्क सायेब व्हय," म्हणून मिठीच मारत. एस.टी.त ते स्वतःच्या गुडघ्यांवर अखंड टाइप करत. शेजारचा पावणा हळूच उठून मागे जाऊन बसे.

शिकवणीचा उपयोग झाला की नाही, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. त्यात आमच्या टायपिस्ट मेहरुन्निसाचा जीव टांगणीला. नवरा गेलेला, नोकरी तात्पुरती. परीक्षेत पास झाली तर कायम, नाहीतर घरी. आणि तिची बोटं टॉवेलखाली गेली की थिजायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तर भिंतीकडे बघतच म्हणाले, "कोपऱ्यातली बाई झकास चालिवतीया. डावी करंगळी तेवढी हलकी पडतीया."

कोपऱ्यात कुणी नव्हतं. झाकण घातलेलं एक मशीन होतं. ते चालवणाऱ्या बाई मास्तर येण्याआधीच वारल्या होत्या. त्यांची डावी करंगळी लहानपणी दारात चेंगरली होती, हे आम्हा जुन्या दोघातिघांनाच ठाऊक. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मास्तरांना वेड्यात काढवेना आणि खरं मानायची छाती होईना, म्हणून मी उठून त्या मशीनचं झाकण नीट बसवलं.

दुसऱ्या दिवशी मेहरुन्निसा रडवेली झाली. "मास्तर, माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

"का न्हाय? कोपऱ्यातल्या बाईचा ठेका ऐक की. तिच्या मागनं जा."

तिनं वळून रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, पदर सावरला आणि डोळे मिटले. बोटं चालू लागली. ओळ संपल्यावर तिच्या मशीनची घंटा वाजली, आणि पाठोपाठ कोपऱ्यातल्या झाकणाखालची. ती पास झाली. अहवालात मी शिकवणी उपयुक्त ठरल्याचं लिहिलं. कुणाची, ते लिहिलं नाही.

पुढे मास्तर वारले. नव्या बायकांना मेहरुन्निसाच शिकवू लागली, तशीच भिंतीकडे तोंड करून. माझ्या निवृत्तीच्या दिवशी मी तिच्या वर्गात जाऊन बसलो. तास संपला, तशा बायका आवरू लागल्या.

"बसा गं," ती म्हणाली. "मास्तरांनी सांगितल्याबिगर उठायचं न्हाय."

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. भिंतीवर दोनदा टकटक झाली.

"हां, उठा आता," ती म्हणाली.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण मला मास्तरांची इतकी आठवण आली, की मी बसल्या जागी बाकावर बोटं वाजवली आणि कुणीतरी मिठी मारेल म्हणून वाट बघत राहिलो.